सोसायटीतील मुलांचे संगीत नाटक: पदे पाठ होतात, पण भाषा येते का?

खिडकीतली_तुळस (घोडबंदर रोड, ठाणे) यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या सोसायटीत गणेशोत्सवात मुलांचा कार्यक्रम दरवर्षी होतो आणि यंदा त्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. सात ते बारा वर्षांची 22 मुले आहेत आणि जवळपास सगळी इंग्रजी माध्यमात शिकतात. चौदा जणांच्या घरी मराठी बोलली जाते, उरलेल्यांच्या घरी गुजराती, तमिळ, कन्नड किंवा हिंदी. शाळेत मराठी विषय आहे, परंतु तो वहीपुरता राहतो. खाली खेळायला आल्यावर सगळ्यांची भाषा हिंदी होते, अगदी माझ्या स्वतःच्या मुलाचीसुद्धा.

गेल्या वर्षी आम्ही एक गाण्यांचे नाटक बसवले होते. तयार ट्रॅक होता, मुलांनी त्यावर ओठ हलवले, पालकांनी भरपूर चित्रीकरण केले आणि कार्यक्रम चांगला झाला असे सगळ्यांचे मत पडले. त्यानंतर चारच दिवसांनी, ज्या नऊ वर्षांच्या मुलीने माहेरी परत येणाऱ्या लेकीचे काम केले होते, तिने मला लिफ्टमध्ये विचारले, "मावशी, 'परतली' म्हणजे ती आली का गेली?" सहा आठवडे ती तो शब्द रोज म्हणत होती. तेव्हापासून माझ्या मनात शंका आहे की, संगीत नाटकातून मुलांना भाषा येते असे आपण म्हणतो, ते खरे आहे की त्यांना फक्त सुरात घोकलेले आवाज येतात?

जाणकारांनी मार्गदर्शन करावे. जुन्या संगीत नाटकातील एखादा प्रवेश लहान करून घ्यावा की नवे काही लिहावे, हा एक प्रश्न. दुसरा प्रश्न संस्कृतीचा: भाड्याची नऊवारी आणि भाड्याचे फेटे यांच्यापलीकडे मुलांच्या हाती काय देता येईल? आमच्याकडे दहा रविवार आहेत.

पाटीपेन्सिल (नेरूळ)

मी तीस वर्षे प्राथमिक वर्गांना मराठी शिकवले आणि त्यांपैकी बरीच वर्षे स्नेहसंमेलनाची नाटकेही बसवली, म्हणून लिहिण्याचे धाडस करते. आपली शंका रास्त आहे. पाठ केलेले गाणे ही भाषा नव्हे. परंतु गाण्याने एक गोष्ट फार चांगली होते, ती ही की वाक्याचा साचा तोंडात बसतो. त्या साच्यात मुलाने स्वतःचे शब्द भरायला सुरुवात केली की भाषा सुरू होते, आणि आपल्या तालमीत नेमके तेच घडायचे राहते, कारण संवादसुद्धा आपण पाठच करून घेतो.

या बाबतीत मराठी रंगभूमीच्या आरंभाकडे पाहिले, तर एक उपयोगी युक्ती सापडते. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' सादर केले, तेव्हाच्या त्या खेळांत पदे रचलेली असत आणि ती सूत्रधार म्हणत असे. पात्रांचे बोलणे मात्र बहुतांशी प्रसंग ओळखून आयत्या वेळी केलेले असे. पुढे अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हा पात्रे स्वतः गाऊ लागली आणि संवादही बांधीव झाले. नाटक म्हणून ती मोठी झेप होती, याबद्दल दुमत नाही. परंतु आपल्या 22 मुलांसाठी मी भाव्यांच्या बाजूने मत देईन. पदे पक्की ठेवा, ती सूत्रधार आणि कोरसकडे द्या, आणि संवाद मुलांना स्वतःच्या शब्दांत बोलू द्या. (आमच्या वाशीच्या नाट्यगृहाला भाव्यांचेच नाव आहे. तेथे मुलांना घेऊन जाताना ते नाव का दिले आहे एवढे सांगितले, तरी इतिहासाचा एक तास वाचतो.)

आता पदांत काय घालावे? पद लिहितानाच ठरवावे की हे गाणे मराठीच्या कोणत्या अवघड जागेसाठी आहे. माझ्या अनुभवात इंग्रजी माध्यमाची मुले तीन ठिकाणी हमखास अडतात. पहिली जागा 'आम्ही' आणि 'आपण' यांची. इंग्रजीत आणि हिंदीत या दोन्हींसाठी एकच शब्द चालतो, मराठीत चालत नाही. ऐकणारा माणूस आत आहे की बाहेर, हे आपल्याला त्या एका शब्दात सांगावे लागते. हा फरक फळ्यावर कितीही समजावला तरी मुलांच्या पचनी पडत नाही, परंतु रंगमंचावर तो डोळ्यांना दिसतो. ठाण्याची मुले आहेत, मासुंदा तलावातली होडी त्यांनी पाहिलेली असते. दोन गट करावेत, खुर्च्यांची होडी मांडावी. पहिल्या गटाने गावे, "आम्ही निघालो तळ्यावर, तुम्ही थांबा काठावर." काठावरची मुले रुसतात, होडीतली विचार करतात, हात पुढे होतो, आणि मग दोन्ही गट मिळून गातात, "आपण सगळे होडीत बसू, कुणी कुणावर नका रुसू." कविता म्हणून यात काही नाही, हे मला ठाऊक आहे, काम मात्र होते.

दुसरी जागा लिंगाची. हिंदीत नपुंसकलिंग नाही, त्यामुळे 'ते' मुलांच्या तोंडून गळून पडते. मग पुस्तक 'मोठी' होते आणि केळे 'केळा' होते. यासाठी बाजाराचा प्रवेश उत्तम. पिकलेला आंबा, पिकलेली चिंच, पिकलेले केळे. लगेच पुढच्या ओळीत पिकलेले आंबे, पिकलेल्या चिंचा, पिकलेली केळी. विक्रेत्याने वस्तू उचलायची आणि गिऱ्हाइकाने तालात विशेषण जोडायचे. वस्तू दर तालमीला बदलाव्यात, म्हणजे घोकंपट्टी होत नाही. एकदा 'ढोबळी मिरची' आल्यावर अख्खा कोरस बंद पडला होता, कारण घरी सगळे तिला सिमला म्हणतात.

तिसरी जागा उच्चारांची. चंद्र आणि चांदणे यांतला 'च' एक नाही, पण लिहिताना अक्षर एकच असल्यामुळे वाचून मराठी शिकणाऱ्या मुलाला ते कधीच कळत नाही. ते कानानेच कळते. 'जग' या दोन अक्षरांचे तर अर्थच दोन होतात. वेळ आणि वेल, काळा आणि काला यांचेही तसेच. गोपाळकाल्याचे गाणे घेतले, तर कान्हा 'काळा' आणि हंडीतला 'काला' एकाच ओळीत येतात आणि 'ळ'साठी जीभ वळवल्याशिवाय गाणे पुढे जात नाही.

काळी_दोन (नौपाडा, ठाणे)

मी पेटीवर साथ करतो. बालनाट्य स्पर्धांना आणि शाळांच्या कार्यक्रमांना बरीच वर्षे वाजवले आहे, म्हणून सुरांच्या बाजूने थोडे लिहितो. वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे, एक भर घालतो आणि एक मतभेद नोंदवतो.

भर अशी की, चाल चुकीची असली तर ती भाषा बिघडवते. 'दिवस' या शब्दातल्या 'दि'वर चालीने मुक्काम केला, की मुले 'दीवस' म्हणतात आणि नंतर तसेच लिहितात. मोठ्या गायकाने स्वर लांबवला तर ऐकणाऱ्याला मूळ शब्द माहीत असतो; मुलाला तो शब्द पहिल्यांदाच त्या गाण्यात भेटतो, त्यामुळे चाल जे सांगेल तेच त्याच्यासाठी प्रमाण. म्हणून आधी ओळ नुसती बोलून घ्यावी, बोलताना कुठे लांबते आणि कुठे तुटते ते टाळीवर पाहावे आणि मग चाल लावावी. तयार ट्रॅक कृपया घेऊ नये. ट्रॅकची पट्टी मोठ्यांच्या गळ्याची असते, लय थांबत नाही, एखादे मूल अडखळले तर त्याच्यासाठी कोणी वाट पाहत नाही. एक पेटी आणि एक ढोलकी पुरते. पट्टी पहिल्याच रविवारी मुलांना गायला लावून ठरवावी. मुले ओरडू लागली तर पट्टी उंच आहे आणि पुटपुटू लागली तर खाली आहे, इतके साधे आहे.

मतभेद जुन्या नाट्यसंगीताबद्दल आहे, कारण त्याला बाजूला ठेवायला माझे मन तयार होत नाही. मुलांनी खाडिलकरांच्या 'मानापमान' किंवा 'स्वयंवर'मधली पदे गावीत असे मी म्हणत नाही. ती पदे तयारीच्या गळ्यासाठी बांधलेली आहेत आणि त्यांची संस्कृतप्रचुर भाषा आठ वर्षांच्या मुलाला काहीच देत नाही. 'शारदा' (1899) तर म्हाताऱ्याशी लावल्या जाणाऱ्या मुलीच्या लग्नाचे नाटक आहे, ते थोड्या मोठ्या मुलांसाठी आणि चर्चेसह ठीक. परंतु त्या नाटकांतले पदांचे घाट वापरता येतात. साकी, दिंडी अशी गायची वृत्ते घ्या. त्याहून सोपा आपला अभंग. मोठ्या अभंगाच्या चरणांत अक्षरे सहा, सहा, सहा आणि चार असतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक जुळते. एवढा नियम सांगून मुलांना बोटांवर अक्षरे मोजत स्वतः ओळी करायला सांगाव्यात. गेल्या पावसाळ्यात माझ्यासमोर एका चौथीतल्या मुलाने केलेला अभंग असा होता:

शाळेच्या वाटेला
पाणी हे साचले
दप्तर भिजले
काय करू

यमक जरा बारीक आहे, मान्य. परंतु 'दप्तर'मधले जोडाक्षर एकच अक्षर मोजायचे, हे त्याला तेव्हा कळले; त्यासाठी तो माझ्याशी बराच वेळ भांडला होता. त्या चार ओळी आम्ही टाळांवर म्हटल्या आणि पुढच्या आठवड्यात प्रत्येक मूल आपापला अभंग घेऊन आले. दहा रविवारांपैकी दोन यावर घालवले तरी वाया जाणार नाहीत.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. दुसऱ्याचे नाटक करणार असाल, तर लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे त्यावर हक्क राहतो. किर्लोस्कर, देवल, गडकरी, खाडिलकर यांच्या संहिता आता मोकळ्या आहेत. 1959च्या 'मधुमंजिरी'पासून बहरलेली बालनाट्ये अद्याप नाहीत. हौशी मंडळाने फुकट बसलेल्या प्रेक्षकांसमोर प्रयोग केला तर कायद्यात सवलत आहे, तरीही लेखकाला किंवा वारसांना पत्र टाकणे ही आपली रीत असावी. तिकीट लावून गडकरी रंगायतनला किंवा घाणेकर नाट्यगृहात करायचे मनात आले, तर परवानगी आणि संहितेचे परिनिरीक्षण (प्रयोगाआधी होणारी सरकारी तपासणी) या दोन्ही गोष्टी आधी पाहाव्यात.

खाडीकाठ (घणसोली)

चर्चा चांगली चालली आहे, पण संस्कृतीचा प्रश्न सगळ्यांनी बाजूला ठेवलेला दिसतो, म्हणून लिहितो.

आपण ज्या इमारतींत राहतो त्यांच्या खाली गावे आहेत. 1970 मध्ये सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरण या भागांतील 95 गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी घेण्याचे ठरले. ती गावे अजून आहेत, त्यांची भाषा आगरी-कोळी आहे, आणि त्या भाषेत गाण्याचा मोठा साठा आहे. मुलांना कोळी नृत्य म्हणून जे शिकवतात, त्यात एकच एक उड्यांची चाल, कमरेला रुमाल आणि हातात प्लास्टिकची वल्ही असतात. नाच झाला की वल्ही टेरेसवर. संस्कृती शिकवायची असेल तर कोणाच्या तरी घरी जावे लागेल.

आमच्याकडे लग्नात धवलारीण असते. ती बाई हळदीपासून लग्न लागेपर्यंत प्रत्येक विधीचे गाणे म्हणते, त्या गाण्यांना धवले म्हणतात, आणि तिच्या गाण्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. माझी आजी धवले म्हणत असे. तिला अक्षरओळख नव्हती. मात्र कोणत्या क्षणी कोणते गाणे, त्यात कोणाकोणाची नावे गुंफायची, कोण जावई रुसून मागे बसला आहे आणि त्याला गाण्यात कसा पुढे आणायचा, हे सगळे ती आयत्या वेळी जुळवत असे. वर पाटीपेन्सिल ताईंनी भाव्यांची जी पद्धत सांगितली, पक्के पद आणि आयत्या वेळचे बोलणे, ती मला आजीच्या मांडवात दिसते. तेराव्या शतकातील महदंबेला आपण आद्य मराठी कवयित्री म्हणतो, तिची रचनाही 'धवळे' याच नावाची, श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची आहे. इतके जुने नाव ज्या गाण्याला आहे, ते गाणारी बाई घोडबंदरपासून खाडीच्या पलीकडे, फार तर तासाभरावर राहते. तिला एका रविवारी मानधन देऊन बोलवा. मुलांना दोन धवले शिकवा म्हणू नका. तिला गाऊ द्या आणि मुलांना प्रश्न विचारू द्या.

आता एक तक्रार, आदराने. ताई, 'ळ' आणि 'ण' यांचा आग्रह मी समजू शकतो. पण आमच्या घरी 'पाणी'ला 'पानी' म्हणतात आणि 'ळ'चा 'ल' होतो. शाळेत एका शिक्षिकेने मला त्यावरून उभे केले होते आणि वर्ग हसला होता. मी त्यानंतर वर्षभर वर्गात पाणी मागितले नाही, तहान लागली की न सांगता बाहेर जायचो. तुमच्या काल्याच्या गाण्यात माझ्यासारखा मुलगा उभा राहिला, तर तुम्ही काय कराल?

पाटीपेन्सिल (नेरूळ)

आपले म्हणणे वाचून बराच वेळ काही लिहिता आले नाही. अशा वेळी वर्गात मीही हसणाऱ्यांना गप्प केले आहे, परंतु मुलाचा उच्चार आधी दुरुस्त केला आणि हसणाऱ्यांकडे नंतर वळले, हे आज आठवले.

मी असे करीन. होडीच्या प्रवेशात नावाडी आगरी बोलेल, आणि ते काम ज्याच्या घरी आगरी आहे त्याला मिळेल; इतर मुलांना त्याचे बोलणे कानांनी पकडून उत्तर द्यावे लागेल. 'पानी' म्हणणारा मुलगा चुकत नाही, तो त्याच्या घरची भाषा बोलतो आहे आणि प्रमाण मराठी ही त्याला मिळणारी आणखी एक भाषा आहे. 'बाळ'ला 'बाल' म्हणणारे इंग्रजी माध्यमाचे मूल मात्र कोणतीच बोली बोलत नसते, त्याने तो ध्वनी ऐकलेलाच नसतो. दोघांना एकाच काठीने हाकू नये, हा भाग माझ्या पहिल्या उत्तरात यायला हवा होता.

तिसरा_मजला (ऐरोली)

आमच्या घरी कन्नड बोलतात. माझ्या मुलीला अशा नाटकांत सलग तीन वर्षे झाड केले गेले. बोलायला येत नाही म्हणून झाड आणि झाडाला बोलायचे नसते म्हणून बोलणे येत नाही, असे ते चक्र होते. चौथ्या वर्षी कोणीतरी तिला भाजीवालीचे काम दिले, एकच वाक्य होते, आणि ते वाक्य ती अजून आमच्या खऱ्या भाजीवाल्या मावशींना ऐकवते. मावशी तिला कोथिंबीर फुकट देतात. तेव्हा विनंती एवढीच की मराठी कमी येणाऱ्या मुलांना कोरसच्या मागच्या रांगेत ठेवू नका. त्यांना ज्याचे उत्तर द्यावेच लागते असा प्रश्न द्या.

खिडकीतली_तुळस (घोडबंदर रोड, ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. प्रत्येक प्रतिसाद आमच्या पालकांच्या बैठकीत वाचून दाखवला. ट्रॅक रद्द केला आहे. बी विंगमधल्या आजोबांकडे पेटी निघाली, तिची धूळ झटकून झाली आहे. जुना प्रवेश घ्यायचा नाही असे ठरले. होडी, बाजार आणि काला असे तीन प्रवेश, मध्ये मुलांचे अभंग, आणि पदे सूत्रधाराकडे. पाठांतर होणार नाही म्हणून दोन पालक नाराज आहेत, त्यांचे म्हणणे असे की मूल रंगमंचावर गडबडले तर व्हिडिओत ते कायमचे राहील. त्यांची समजूत अजून पटलेली नाही. धवलारीण बाईंशी बोलणे व्हावे म्हणून मी खाडीकाठ यांना व्यक्तिगत निरोप पाठवला आहे.

काल पहिली तालीम झाली, तेवढे सांगून थांबते. क्लब हाऊसमध्ये सहा खुर्च्यांची होडी मांडली. गुजराती बोलणाऱ्या घरातला आठ वर्षांचा मुलगा होडीचा पुढारी होता. त्याने दोन्ही हात कमरेवर ठेवून काठावरच्या मुलांना ऐटीत सांगितले, "आपण चाललो, तुम्ही थांबा!" मी त्याला थांबवणार, तोच काठावरून एक मुलगी म्हणाली, "आपण म्हणाला ना? मग आम्ही पण!" आणि अकराच्या अकरा मुले त्या सहा खुर्च्यांवर जाऊन बसली. एका खुर्चीचा पाय गेला आहे.